लांबीखालचा पत्रा

गेल्या दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. शनिवारची सकाळ, आणि मी आमच्या शेडमध्ये उताणा पडून चेतकच्या पोटाखाली शिरलो होतो. काम अगदी किरकोळ. स्टँड डुगडुगत होता, त्याचे बोल्ट आवळायचे, बास. पण बोल्ट आवळले जाईनात, नुसतेच गरागरा फिरत होते. म्हटलं, बसतात तिथला पत्रा जरा खरवडून बघू. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, थोडा जोर दिला, आणि तो करकरत मुठीपर्यंत आत गेला.

वरून भाचीचा आवाज आला, "मामा, हे काय आलं?"

भाची साडेचार वर्षांची आहे. स्टँडवर लावलेल्या स्कूटरच्या फूटबोर्डवर उभं राहून, हँडल धरून 'ब्रूम ब्रूम' करत लोणावळ्याला जाऊन यायचं हा तिचा दर शनिवारचा कार्यक्रम. स्क्रू ड्रायव्हरचं टोक रबरी मॅट उचलून तिच्या चपलेपासून चार बोटांवर बाहेर आलं होतं. आणि हीच पोरगी रोज संध्याकाळी बाबांच्या पुढे ह्याच जागेवर उभी राहून भाजी आणायला जायची.

आता ह्यातली खरी गंमत सांगतो. ही स्कूटर 'रिस्टोअर' केलेली होती. मीच करून घेतली होती. तीन वर्षांपूर्वी, पहिला बरा बोनस हातात आल्यावर, बाबांच्या वाढदिवसाला म्हणून. ४२ हजार रुपये मोजून. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मध्ये एक बाण. आरशासारखा रंग, नवीन सीट, नवे रबर, चकचकीत क्रोम. कितीतरी दिवस माझा स्टेटस तोच होता. ऑफिसातल्या दोघांनी तर माझ्याकडून दुकानाचा पत्ताही घेतला (त्यांना मी आता फोन करून सगळं सांगितलंय. एकाने अजून बघितलेलं नाही. असो.)

त्या दिवशी दुपारी मॅट काढलं, त्याखालच्या पट्ट्या काढल्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फूटबोर्ड सगळीकडे ठोकून पाहिला. चांगला पत्रा वाजतो, टण्‌ टण्‌. आमचा चार ठिकाणी 'ठप' म्हणाला. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून लावलं, तर तिथे ते चिकटेचना, गळून पडलं. मग पॉलिश पेपर घेऊन बसलो. तो सुंदर रंग गेला, त्याखाली राखाडी प्रायमर, आणि त्याखाली लांबी. लांबी म्हणजे काय ते ज्यांनी घराला रंग काढलाय त्यांना माहीत असेल. भिंतीतले, दारातले खड्डे बुजवायला पेंटर भरतात ती. गाड्यांची वेगळी असते, हार्डनर कालवून लावायची, अर्ध्या तासात दगड होणारी. ती वाईट नसते हो. दीड-दोन मिलिमीटरचा पोचा सपाट करायला तिच्यासारखी दुसरी चीज नाही. पण ती पत्र्यावर लावायची असते, पत्र्याऐवजी नाही. आमच्याकडे ब्रेक पेडलच्या मागे तळहाताएवढं भोक होतं, त्यावर काचतंतूचं कापड चिकटवलेलं आणि त्यावर बोटभर लांबी. स्टँडच्या दोन्ही बाजूंना तसंच. ते कापड मी चिमटीत धरून ओढलं तर सगळं एका तुकड्यात निघून आलं. पापुद्रा निघावा तसं.

बाबा मागे उभे होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तिला रोज उभी करत होतो रे इथे."

ताईला मात्र ह्यात एवढं काय ते कळेना. "भोक पडलं तर पडलं, गाडी चालतेय ना?" तिचंही बरोबर आहे. ती मोटरसायकलवाल्या घरात पडलीय. मोटरसायकलमध्ये नळ्यांची फ्रेम असते, बाकी सगळं तिला टांगलेलं. मडगार्ड सडलं, नवीन लावा. पॅनेल सडलं, नवीन लावा. लँब्रेटाचंही तसंच होतं. ती बनवणारी इनोचेंती ही मुळात पोलादी नळ्या बनवणारी इटालियन कंपनी, त्यामुळे त्यांच्या स्कूटरच्या पोटात जाड नळी, आणि पत्रा हा त्यावरचा झगा. व्हेस्पाचं गणित उलटं. ती १९४६ साली काढली कोरादिनो दास्कानियो नावाच्या माणसाने, आणि हा गृहस्थ विमानं नि हेलिकॉप्टर करणारा. मोटरसायकल त्याला मनापासून आवडायची नाही. त्याने विमानासारखा विचार केला. वेगळा सांगाडा नकोच, पत्राच असा वाकवायचा आणि जोडायचा की तोच भार घेईल. अंड्याचं कवच बघा, आत कुठे खांब असतो? बजाज पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होतं. १९७१ साली तो परवाना संपला आणि १९७२ पासून 'चेतक' आली, व्हेस्पा स्प्रिंटच्या घराण्यातली.

थोडक्यात, चेतकला फ्रेम नसते. म्हणजे असते, पण वेगळी काढून दाखवता येत नाही. जो पत्रा दिसतो तीच फ्रेम. पुढचं चाक आणि मागचं चाक ह्यांना एकमेकांशी जोडून ठेवणारी वस्तू म्हणजे तुमच्या पायाखालचा फूटबोर्ड, त्याच्या मधला उंचवटा आणि खालून आडव्या मारलेल्या पट्ट्या. तुम्ही ब्रेक मारता, खड्ड्यात आपटता, तेव्हा तो सगळा झटका तिथून जातो. आणि आपल्याकडे तर तिथे काय काय ठेवलं जातं! भरलेला गॅस सिलिंडर, जो रिकाम्याच्या वजनासकट ३० किलोच्या आसपास भरतो. दिवाळीचा किराणा. गणपती. पुढे उभं केलेलं पोर. तिथे पत्र्याऐवजी लांबी असणं म्हणजे रंग खराब असणं नव्हे. ज्या पुलावरून आपण चाललोय त्याचा खांब थर्माकोलचा असणं आहे.

दुकानदाराला फोन केला. बरंच काही ऐकवायचं ठरवलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्ही रंग सांगितलात, आम्ही रंग दिला. फ्लोअर कापून बसवायला सांगितलं असतंत तर खर्च दुप्पट झाला असता. दिला असतात?"

खरं सांगू? नसता दिला. तेव्हा मी तर ४२ चे ३८ करा म्हणून घासाघीस करत होतो.

आणि इथे मला जरा गप्प बसावं लागलं, कारण हा धंदा मला ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका क्लायंटला डेमो होता. मागची सर्व्हिस दर तीन वेळा हाक मारली की एकदा उत्तर देत होती. डेमो दुसऱ्या दिवशी. मी काय केलं? स्क्रीनवर जे आकडे दिसायला हवेत ते सरळ कोडमध्ये लिहून टाकले. डेमो झकास झाला. क्लायंट म्हणाला, रंग जरा अजून गडद करा. मागे काय आहे ते कोणीच विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नंतर ते नीट केलं, पण 'नंतर' म्हणजे तब्बल चार महिन्यांनी. तेव्हा त्या पेंटरला शिव्या घालताना जीभ थोडी अडखळते.

तरीसुद्धा माझं म्हणणं असं आहे की तो चुकला आणि मीही चुकलो, पण सारखे नाही. मी भोक पाहिलं नव्हतं, त्याने पाहिलं होतं. ज्याने पाहिलं त्याने सांगायला हवं होतं. "साहेब, खाली पत्रा उरलेला नाही, मी वरून झाकतोय, हिच्यावर बसू नका, दिवाणखान्यात ठेवा." एवढं एक वाक्य. मग ४२ हजारांत शोभेची वस्तू घ्यायची की नाही ते मी ठरवलं असतं.

सध्या जुन्या गाड्या नव्यासारख्या करून घ्यायचं जाम फॅड आहे. माझ्या वयाच्या, हातात थोडे पैसे आलेल्या प्रत्येक मित्राच्या मनात बाबांची येझदी नाहीतर आजोबांची प्रिया आहे. छान आहे, मी काही त्याच्या विरोधात नाही. पण आपण सगळे पैसे देतो ते चकाकीचे. आधीचा फोटो गंजका, नंतरचा फोटो चकचकीत, आणि ह्या दोन फोटोंच्या मध्ये एक तिसरा फोटो असायला हवा, जो कोणी देत नाही आणि आपण मागत नाही. सगळा रंग, सगळी लांबी उतरवून उघड्या केलेल्या बॉडीचा. तो फोटो बघवत नाही. भोकं, जुने टाके, कधीतरी कोणीतरी हातोड्याने सरळ केलेले पोचे, सगळं त्यात येतं. पण गाडी खरी किती उरलीय ते त्यातच कळतं. ज्याला तो फोटो द्यायचा नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका, असं माझं आता ठाम मत झालंय. आणि पैसे कमी असतील तर फूटबोर्ड करून घ्या आणि रंग पुढच्या वर्षी द्या. आपण नेमकं उलटं करतो.

आता तुम्ही म्हणाल, मग तू काय केलंस? तर मी ती घरीच करायला घेतली. आमचं घर निगडी प्राधिकरणात, बाजूला एक पत्र्याची शेड आहे, तिला आई गॅरेज म्हणते आणि त्यात कांदे वाळवते. गंमत म्हणजे ही स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर गंजली. आजोबांनी नंबर लावला होता सत्तरच्या दशकात. तेव्हा चेतकसाठी सात-आठ काय, दहा वर्षंही थांबायला लागायचं. त्यांना ती १९८३ साली मिळाली. नंबरप्लेट अजून ती जुनी, 'एमएच' यायच्या आधीची, तीन अक्षरांची.

गंजली कशी, ह्याचा मी बराच विचार केला. पाऊस हे उत्तर सोपं आहे, पण पावसात तर सगळ्याच गाड्या भिजतात. आजोबा दर रविवारी तिला पाइपने धूत. न चुकता. वरून फडक्याने पुसत. पण फूटबोर्डवरच्या रबरी पट्ट्या ज्या स्क्रूंनी बसवलेल्या असतात त्यांच्या भोकांतून पाणी आत जातं. खाली पाणी निथळायला ठेवलेली बारीक भोकं चिखलाने बुजलेली. वर त्यांनी 'पत्रा खराब होऊ नये' म्हणून जाड रबरी मॅट टाकलेलं, त्याखाली ओल आठवडाभर राहायची. आणि पुढे कधीतरी खालून डांबरासारखा काळा थर मारून घेतला होता, तो पत्र्यापासून सुटला आणि त्याच्या नि पत्र्याच्या मध्येही पाणी. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते, दोन्ही सोय उत्तम झाली. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे वरचा रंग फुगतो, फुगलेल्या रंगाखाली अजून पाणी. जे जे तिला जपायला म्हणून केलं त्या प्रत्येकाने तिला थोडं थोडं खाल्लं. आजोबा असते तर हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नसती.

कामाकडे वळू. पहिल्यांदा टाकी काढून गच्चीवर नेऊन ठेवली. जिथे ठिणगी उडणार तिथे पेट्रोलची वाफ नको. मग इंजिन उतरवलं, पुढचा फोर्क काढला. क्लच, गिअर, ब्रेकच्या केबल्स मधल्या उंचवट्याच्या बोगद्यातून जातात, त्या ओढून काढताना प्रत्येकीच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधली, म्हणजे परत ओवताना दोरी आतच तयार. (ही अक्कल मला दुसऱ्या केबलला सुचली. पहिलीची दोरी नाही. त्यावर पुढे येतोच.) मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला आणि तीन रविवार नुसता रंग उतरवला. ह्यात माझ्या कंपनीच्या वार्षिक संमेलनाचे दोन टी-शर्ट भोकाभोकांचे झाले, त्याचं दुःख नाही. गॉगल मात्र घाला. ब्रशची तार तुटून उडते ती दिसत नाही, गालात रुतल्यावर कळते.

वेल्डिंग मी केलं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण दहा व्हिडिओ बघितले की आपल्याला सगळं येतं असं वाटतं, आणि मी वीस बघितले होते. भंगार पत्र्यावर सराव केला तर पत्र्याची चाळणी झाली. आमच्या गल्लीत एक काका आहेत, सगळी हयात भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करण्यात गेली. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून बॉडीभोवती एक फेरी मारली आणि मी खडूने आखलेली रेघ पुसून टाकली.

"एवढंच कापून भागायचं नाही. गंजाला टाका बसत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं."

"काका, मग अर्धा फूटबोर्ड जाईल."

"जाईल ना. तो आहे कुठे?"

कापायच्या आधी त्यांनी पुढच्या पत्र्यापासून सीटखालच्या भागापर्यंत एक इंची चौकोनी पाइप दोन ठिकाणी आडवे-तिरपे टाके मारून बसवायला लावले. कारण सोपं आहे. फूटबोर्ड कापला की पुढचा भाग आणि मागचा भाग ह्यांच्यात धरून ठेवणारं काही उरत नाही. नवा पत्रा बसेपर्यंत बॉडी दोन-चार मिलिमीटर जरी वाकली तरी दोन्ही चाकं आयुष्यभर एका रेषेत येणार नाहीत. टेपने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरपी मापं घेतली, भिंतीवर खडूने लिहून ठेवली. कापल्यावर, प्रत्येक टाक्यानंतर, पुन्हा तीच मापं. काका मापं घेताना एक अक्षर बोलायचे नाहीत आणि मलाही बोलू द्यायचे नाहीत.

१८ गेजचा सीआर पत्रा आणला, पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून आखला, हातोडी आणि लाकडी ठोकळ्यावर वाकवला. तयार फूटबोर्ड मिळतो का म्हणून नाना पेठ पालथी घातली होती. एक मिळाला, पण इतका पातळ की काकांनी बोटाने दाबून परत दिला. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्ड होते ते एकेक करून ड्रिलने उडवले आणि नव्या पत्र्याला त्याच जागी भोकं पाडून ती वेल्डने भरली. पातळ पत्र्याला सलग वेल्ड मारला तर तो तापून पापडासारखा वाकतो. म्हणून एक टाका इथे, पुढचा तिथे पलीकडे, मग पाच मिनिटं चहा. त्या चहांमध्ये मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत वर्कशॉपच्या तासांना मिळालं नव्हतं. आम्ही तिथे फाइलने चौकोन घासून सिनिअरकडून जॉब विकत आणायचो. असो.

ह्याच दरम्यान जुन्या बाजारात एकाने मला वेगळाच रस्ता दाखवला. "कशाला एवढी मरमर करता? सहा हजारांत अख्खी बॉडी देतो, गंजाचा डाग नाही. नंबरचं काय, आपला माणूस आहे, तुमचा नंबर ठोकून देईल." खोटं कशाला बोलू, घरी येताना बसमध्ये अर्धा तास मी तो हिशोब मनात केला. सहा हजार आणि एक रविवार. पण चेतकचा चॅसिस नंबर ह्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. दुसऱ्या पत्र्यावर आपला नंबर ठोकणं हा सरळसरळ गुन्हा आहे, तो पत्रा कोणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचा आहे हेही आपल्याला माहीत नसतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी... इंजिन आमचं दोनदा बोअर करून झालंय. कार्ब्युरेटर बदललाय, सीट, चाकं, दिवे, सगळं बदललंय. आजोबा ज्या गाडीसाठी इतकी वर्षं थांबले तिचं आता शिल्लक काय आहे, तर हा पत्रा. तोच दुसऱ्याचा आणायचा, तर मग नवीन इलेक्ट्रिक चेतक काय वाईट?

नंबरच्या जागेवर मी ग्राइंडर लावलाच नाही. चिकटपट्टी लावून झाकून ठेवली होती. आकडे रंगाने आणि लांबीने भरून गेले होते, ते पेंट रिमूव्हर आणि जुन्या टूथब्रशने मोकळे केले. नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत ह्याच आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. तारेच्या ब्रशने ते पुसट झाले तर पुढे काय काय सिद्ध करत बसायला लागेल, कल्पनाही नको.

२०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, 'व्हीए' असा खास नंबर, नव्या नोंदणीचे २० हजार, आणि रोजच्या वापराला मनाई. त्यात एक अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमची १९८३ ची, म्हणजे २०३३ पर्यंत हा प्रश्नच नाही. पण अट वाचून मला लांबी आठवली. बाहेरून बघणाऱ्याला माझी लांबी भरलेली गाडी 'मूळ स्वरूपातली' वाटली असती, आणि फूटबोर्ड कापून त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा बसवलेली आत्ताची गाडी कदाचित 'फेरफार केलेली' वाटेल. माझ्या मते दुरुस्ती म्हणजे फेरफार नव्हे. जुन्या वाड्याचा कुजलेला वासा काढून त्याच मापाचा सागवानी वासा घातला तर वाडा बदलत नाही. पण हे सांगायला पुरावा लागतो, म्हणून मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढलेत. ते न बघवणारे, तिसरे फोटो.

एक कबुली द्यायलाच हवी. ही टू-स्ट्रोक गाडी आहे, पेट्रोलमध्ये तेल घालून चालते आणि धूर सोडते. मी तिच्यावर रोज हिंजवडीला जाणार नाहीये, जाऊही नये. महिन्यातून दोनचार वेळा, भाजीपुरती. तेवढ्यासाठी अकरा रविवार आणि साडेसात हजार रुपये (पत्रा, चकत्या, गॅस, प्रायमर) घालवणं शहाणपणाचं आहे का, असं आईने विचारलं. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काकांनी एक पैसा घेतला नाही. फार आग्रह केल्यावर म्हणाले, "झाली की मला एक चक्कर मारू दे. मीही नंबर लावला होता. माझा आला तेव्हा हातात पैसे नव्हते."

सध्या गाडी राखाडी एपॉक्सी प्रायमरमध्ये उभी आहे. बाबांना रेड ऑक्साइडच हवा होता, त्यावरून आमचं दोन दिवस वाजलं. खालची निथळायची भोकं मोकळी आहेत, मी स्वतः काडी घालून बघितली. रबरी मॅट टाकायचं नाही हे ठरलंय, धुवायचं तर ओल्या फडक्याने हेही ठरलंय. रंगाचं ठरत नाहीये. बाबा म्हणतात मूळचा निळा, ताई म्हणते क्रीम, भाचीला गुलाबी पाहिजे. नव्या फूटबोर्डवर काकांचे टाके थोडे वर आलेले दिसतात. घासून सपाट करता येतील, वर पातळसा लांबीचा हातही फिरवता येईल. "नको," बाबा म्हणाले, "दिसू देत."

ह्या रविवारी केबल्स ओवायच्या आहेत. सगळ्यांना दोऱ्या आहेत, पहिली सोडून. तिच्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी एक वळण आहे, तिथे माझं बोट जात नाही. भाचीचं जातं. तिला आधीच सांगून ठेवलंय, रविवारी लोणावळ्याला जायचं नाही, मामाकडे काम आहे.